शेटे, दोन

पणजीच्या बसस्टँडवर सकाळी सात चाळीसला
मार्गदर्शक बाई कागदावर पेन टेकवून म्हणाली, "शेटे, दोन."
ह्यांनी हात वर केला.
माझाही त्यातच आला.

बाईचं नाव सुविधा. गळ्यात शिट्टी.
मराठी छान बोलते, घाई झाली की कोकणीत शिरते:
"बेगीन, बेगीन! तळं कुठं पळत नाही, फेरी पळते."

करमळीच्या तळ्यावर वीस मिनिटं.
जांभळ्या पाणकोंबड्या कमळाच्या पानांवरून
नुकत्या सारवलेल्या अंगणातून जावं तशा
पावलं उचलून टाकत होत्या.
पलीकडून रेल्वे गेली, एकही उडाली नाही.

मग बस फेरीबोटीत शिरली, आम्हांला पोटात घेऊन.
बसमध्ये बसून बोटीत बसायचं!
ह्यांनी विचारलं, "बुडाली तर आपण बसचे की बोटीचे?"
सुविधा म्हणाली, "माझे. यादीत आहात ना?"

दिवाडीत एक माणूस ओसरीवर आरसा टांगून दाढी करत होता.
आम्ही अठ्ठावीस जण फाटकाशी उभे,
कोणी घराचे फोटो काढतंय, कोणी त्याचे.
त्यानं दुसरा गालही सावकाश पुरा केला.

दुसरी फेरी. नार्वे.
वळणावर मैलाचा दगड: मये ३.
मी पाण्याची बाटली उघडली.
तहान नव्हती.

चोवीस वर्षं मी मयेकर होते.
शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, एसटीच्या पासावर.
वेंगुर्ल्यात बाबा सांगायचे, आपण मूळचे मयेचे.
का निघालो, ते कुणालाच धड माहीत नाही.
एक काका म्हणायचे, ताप आला. दुसरे म्हणायचे, म्हशीवरून भांडण.
तळं मात्र सगळ्यांना पाठ: कमळांनी गच्च भरलेलं.
साठ-सत्तर किलोमीटर.
बाबा कधी आले नाहीत.

तळ्यात एकही कमळ नव्हतं.
डोंगर होते, चहूबाजूंनी ओणवे,
हंड्यात वाकून पाणी किती उरलंय ते बघणाऱ्या बायांसारखे.
मला वाटलं होतं, काहीतरी होईल,
छातीत, किंवा निदान घशात.
भूक लागली होती, एवढं खरं.
कमळं तर सकाळीच मागे राहिली, करमळीला.
कुणा पणजोबानं कुठलं तळं कुठल्या गावात नेऊन ठेवलं,
आणि आम्ही तेच आंधळेपणानं पुढे देत आलो.

ह्यांचे गुडघे बोटीला नको म्हणाले.
ते भेळ घेऊन बाकावर बसले.
खिडकीतल्या मुलानं वही पुढे सरकवली, "नाव लिहा, किती जण ते लिहा."
पेनाला दोरी बांधलेली होती, आखूड.
मी वाकून लिहिलं: मयेकर, एक.
त्यानं वही फिरवून वाचली. "हांगाचेच?"
मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "तसं बघितलं तर."
त्यानं सुटे पैसे परत दिले, नारिंगी जॅकेट दिलं.
सवलत काही दिली नाही.

पायडलची बोट दोघांची असते, हे आत बसल्यावर कळलं.
एकटीनं मारलं की एका अंगाला कलते
आणि पुढे जायचं सोडून गोल फिरते.
डोंगर, बाक, हे, खिडकी,
पुन्हा डोंगर, बाक, हे.
काठापासून वीस हातांवर मी फिरत राहिले
आणि जॅकेटच्या आत एकटीच खूप हसले.

शिट्टी वाजली. मोजणी सुरू झाली.
"शेटे?"
ह्यांनी हात वर केला.
"शेटे, एकच दिसतायत. दोन पाहिजेत, दोन!"
पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो.
मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं.
आणखी दोनदा मारू दिली.

बसमध्ये ह्यांनी भेळेचा उरलेला पुडा माझ्याकडे दिला.
कुरमुरे मऊ पडले होते.
"काय होतं मध्ये?"
"मध्यापर्यंत गेलेच नाही," मी म्हटलं,
आणि मिरची बाजूला काढून खायला लागले.