घोडा आणि पावा

तळघरात आडव्या दांडीवर
एकाच दोरीने गळ्याशी बांधलेले दोन-दोन गोळे,
एक अलीकडे, एक पलीकडे,
रिकीब सुटलेल्या स्वारांसारखे.

व्हितान्तोनियो येईल त्याला सांगायचा :
काचो म्हणजे चीज, कवाल्लो म्हणजे घोडा.
काचोकवाल्लो.
मग दूध घोडीचं?
गाईचं! राखाडी, शिंगाळ,
धड घागरभरही न देणाऱ्या हट्टी गाईचं.
मग घोडा आला कुठून?
इथेच घोडं पेंड खायचं.
कुणी म्हणे, दांडीवर मांड ठोकून बसतं म्हणून.
कुणी म्हणे, नेपल्सच्या कुठल्याशा शिक्क्यावरचा घोडा.
त्याचा बाप म्हणे,
दही ताणा आधी, पाणी निवतंय.

शब्दाला खोगीर लागत नाही.
हा बोटीत बसला, समुद्रापार गेला,
दर नाक्यावर एखादं अक्षर जकात म्हणून ठेवत
तुर्कांकडे काशकवाल झाला,
दमास्कसला पोचेतो काशकवान.
(की तिकडूनच निघाला होता?
पंडित अजून भांडतात.)

लेनुत्सा आली बोतोशानीहून, बसने, दोन रात्री,
म्हाताऱ्याला उठवायला, पुसायला, भरवायला.
पहिल्याच दिवशी मान वर करून म्हणाली,
"अय्या, काशकवाल!"
तो चिडला : चीज आमचं, तोंड तुमचं.

तिच्या भाषेत काश म्हणजे ताजं चीज
आणि कवाल म्हणजे मेंढपाळाचा लांब पावा.
लहानपणापासून तिला वाटायचं,
कुणीतरी वाजवत बसलं असणार कुरणात
आणि दूध तसंच राहून गेलं असणार.
"घोडा? कुठाय घोडा यात?"
सूप आणि औषधं यांच्या मधोमध
महिनोन् महिने चालला हा खटला.

फेब्रुवारीत झटका आला.
उजवी बाजू गेली. मग शब्द :
मुलांची नावं, बायकोचं, मीठ, पाणी.
डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली.
किल्ली. कप. घोडा.
घोड्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं.
काही नाही.

एप्रिलमध्ये लेनुत्साने एक गोळा उतरवला.
दोरी कापताच जोडीदार निसटला,
तो तिने गुडघ्यांत धरला.
पातळ काप त्याच्या जिभेवर ठेवला.

अर्धी जीभ हलली.
"काश," तो म्हणाला. मग खूप वेळाने,
"कवाल."

उरलेलं 'लो' त्याचं त्याला परत द्यायला
तिने तोंड उघडलं,
आणि मिटलं.
हनुवटीवरची लाळ पुसता पुसता
तीही म्हणाली तेच,
त्याच्यासारखंच,
अडखळत.