डावखुरा

चीननं आभाळ निळं करायचं ठरवलं
तेव्हा मी शिरोलीत, स्टोअरच्या जाळीमागं,
फेरोसिलिकॉनच्या गोण्यांची वाट बघत होतो.
गोण्यांवरची अक्षरं मला येत नाहीत;
छोट्या छपराखाली दाटीनं बसलेल्या माणसांसारखी दिसतात.
त्या आठवड्यात माणसं आलीच नाहीत.
मगदूमसाहेब फोन ठेवून म्हणाले,
तिकडं बंद केलं सगळं. धुरापायी.
आणि 'धुरापायी' म्हणताना
त्यांना स्वतःलाच खोकला आला.

भाव दुप्पट. दोन भट्ट्यांतली एक गार.
फेटलिंगचा यल्लाप्पा ग्राइंडर पुसून
निपाणीला, पोरीच्या घरी जाऊन बसला.

दिवाळीनंतर वारं फिरलं.
कुठल्याशा पंपाच्या कंपनीचं पत्र:
ही बॉडी तुम्ही ओतून द्याल का,
महिन्याला चार हजार नग,
आमचा जुना कारखाना आता नाही.
यल्लाप्पाला मीच फोन केला.
ये. तिसरी पाळी सुरू होतीया.

पॅटर्न लाकडी खोक्यातनं आला.
आवक रजिस्टरला मी लिहिलं:
पॅटर्न, लाकडी, एक जोड, वापरलेला.
आत पेंढ्याऐवजी तिकडचा पेपर चुरगाळून भरलेला.
दस्तगीर मुजावरनं तो मांडीवर घेतला,
भाकरी थापावी तसा तळव्यानं सपाट केला.
फोटो होता. गच्चीवर शाळेची पोरं
लांब कुठंतरी बोट दाखवतायत
आणि तिथं डोंगर.
डोंगर तिथंच असणार की, दस्तगीर म्हणाला,
जातोय कुठं.

मग त्यानं पॅटर्न उचलला, उलटा केला,
जिथं कुणी बघत नाही तिथं अंगठा फिरवला.
बघा भाऊसाहेब, पटाशी डावीकडनं आलीया.
गडी डावखुरा.
आणि ही गोलाई बघा,
नुसत्या पगारासाठी कुणी एवढं घासत नाही.
मी विचारलं, आता काय करत असेल?
दस्तगीरनं फुंकर मारून भुसा उडवला.
भुसा नव्हताच.

त्या वर्षी आमच्या घरावर स्लॅब पडला.
बायको गच्चीवर साड्या वाळत घालते,
संध्याकाळी घडी करताना
दोरीजवळची काळी रेघ आत दुमडते.
बोलत काही नाही.
हप्ते आम्ही दोघं मिळून मोजतो.
पूर्वी पत्रा होता;
पत्र्यावर चढलं की जोतिबाचा डोंगर दिसायचा.
आता गच्ची आहे.

जळकी वाळू ट्रॉलीनं जाते.
जावकला मी 'भरावासाठी' लिहितो.
भराव कसला, ते ओढ्याला ठाऊक.
धुराला तर रकानाच नाही,
ना आवकला, ना जावकला,
नाहीतर लिहिलं असतं:
आला, अमुक तारखेला, वापरलेला.

परवा आपल्याही बोर्डाची नोटीस लागली.
स्क्रबर बसवा, नाहीतर नव्वद दिवसांनी टाळं.
बरोबरच आहे, मी म्हणालो,
आणि पोटात कालवलं.
धाकटीची वाफ घ्यायची मशीन
याच पगारातनं आणली, हप्त्यावर.
साहेब कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत.
कंपनीचा माणूस फोनवर
आणखी एका देशाचं नाव घेतो.
मी भिंतीवरच्या नकाशात शोधलं,
तिथं नेमका खिळा मारलाय.

पलीकडं दस्तगीर
पॅटर्नचा उडालेला टवका
सागाच्या तुकड्यानं बुजवतोय.
कुणी सांगितलं नव्हतं.
उजव्या हातानं, पण हळूहळू
त्या डावखुऱ्याच्या वळणावर नेत,
पॉलिश पेपर मारतोय, थांबतोय,
पुन्हा अंगठा फिरवतोय.
खोकं त्यानं टाकू दिलं नाही.
आणि तो पेपर, घडी घालून,
खोक्याच्या तळाशी ठेवलाय.
लागंल की, म्हणतो.