पोर्वेनीरचा काटा

गावाचं नाव पोर्वेनीर,
म्हणजे पुढे येणारा काळ.
सामुद्रधुनीच्या या काठावर रंगवलेल्या पत्र्याची घरं
आणि वारा असा, की झाडं
एका कुशीवर वाकूनच मोठी होतात.

लोकरीच्या गोदामात झोर्का मिमित्सा
सव्वीस वर्षं गठ्ठे तोलते.
म्हणजे तोलतो काटा. काट्याचं म्हणणं
कॉम्प्युटरला कळतं, आणि तो पावती छापतो.
दोघांची बोली एकच, जुनी.
ती त्यांना शिकवणारी कंपनी
केव्हाच बुडाली.

डिसेंबरातली दुपार. दाराशी चार ट्रक.
पडद्याच्या मधोमध निळी चौकट उगवली:
तुमची नवी आवृत्ती तयार आहे. फुकट.
खाली दोन बटणं.
आत्ता.
आज रात्री.

झोर्काने चष्मा पुसला.
वीज गेलेल्या खोलीत भिंत चाचपावी
तसं तिने नाहीचं बटण शोधलं.
नव्हतं.
कोपऱ्यात एक बारकी फुली होती.
ती दाबणार, इतक्यात इवो आठवला,
बंदरावरच्या कचेरीतला.
त्याने फुलीच दाबली होती,
आणि फुली म्हणजे होकार, असं धरलं गेलं.
सकाळी त्याचा प्रिंटर त्याला ओळखेना.

नकार सांगायला आलेल्या मुलीला
मुहूर्त सकाळचा की गोरज,
एवढंच विचारावं, तसं हे.

रेमिहिओ ट्रकवरून उतरला, खिडकीत डोकं घालून म्हणाला,
होऊ दे की बाई. कधी ना कधी व्हायचंच.
कधी ना कधी तूही मरायचाच आहेस,
झोर्का म्हणाली,
म्हणून आज रात्रीची वेळ देऊ?

मग ती टेबलाखाली शिरली,
गुडघे कुरकुरले,
आणि तिने मॉडेमची तार उपटली.
चौकट हलली नाही. बसून राहिली
जेवायची वेळ झालेल्या पाहुण्यासारखी.

पलीकडच्या काठावर, पुंता आरेनासला, भाची असते, मिलेना.
फोनवर ती सांगत गेली, झोर्का शोधत गेली.
एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये सापडला सगळा ऐवज,
नोव्हेंबरच्या रात्रींत गुपचूप उतरवून घेतलेला.
होकाराआधीच रुखवत मांडून झालं होतं.
पुसलं. मिलेना म्हणाली, उद्या परत येईल.
तार जोडलीस की त्याला सांग,
आमच्याकडे नेट मोजून मिळतं.

तशी एक खूण असते सेटिंगमध्ये.
ती केली की यंत्र समजतं,
ही गरीब माणसं आहेत,
थेंबाथेंबाचे पैसे पडतात यांना.
आणि ते आपला हात आवरतं.

झोर्का थबकली.
सव्वीस वर्षांत पाव किलोचंही खोटं
तिच्या पावतीवर छापलं नव्हतं.
वाऱ्याने पत्रा वाजवला. बाहेर कुणीतरी हॉर्न दिला.
मोजूनच तर मिळतं सगळं, ती स्वतःशी म्हणाली,
आणि खूण केली.

चौकट गेली.
पहिला गठ्ठा काट्यावर चढला:
एकशे ब्याऐंशी किलो.
पावती टरटरत बाहेर आली,
शाई फिकी, आकडा बरोबर.

दहा वाजले तरी उजेड होता.
चौथा ट्रक गेल्यावर तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला,
त्यावर चौकोन काढला, आत लिहिलं: नाही.
आणि चिकटवला पडद्याखाली,
जिथे ते असायला हवं होतं तिथे.

दाबलं की काही होत नाही.
तेच तर हवं होतं.

हंगामभर येणाजाणारा जो तो
जाता जाता एकदा दाबून जातो.
रेमिहिओ तर दोनदा.
मार्चपर्यंत अक्षरं लोकरीच्या तेलाने मळली,
वाचता येईनात.
झोर्काने तीच पुन्हा गिरवली.