उतार

गिरणीच्या भिंतीवर ओलीच्या तीन रेघा.
सगळ्यात वरची गेल्या भादव्यातली,
पोत्यातल्या ज्वारीला कोंब फुटले तेव्हाची.

आता परभणीतली आमची गल्ली उकरलीय.
जुना नऊ इंची पाईप निघाला, गाळानं गच्च,
गुटख्याच्या पुड्या, कुणाचं तरी एक पायताण.
त्याजागी माणूस वाकून जाईल एवढा सिमेंटचा.

गौसोद्दीन मिस्त्री म्हणाला,
"लेव्हल खोटं बोलंल, पाणी नाही.
आणा घागरभर."

कुणी हलेना.
नळ येऊन आज नववा दिवस.

शेवटी केराबाईनं आणली, अर्धीच,
पदराआड, चोरल्यासारखी,
अन् ओतताना तोंड फिरवलं.

पाणी जरा थबकलं.
मग निघालं नाल्याकडं
घर ठावं असल्यागत.

"जातंय खरं," केराबाई म्हणाली,
"पण जातंय कुठं?"

मिस्त्रीनं पेन्सिल कानावर खोचली.