तीन बोटं

अडीच वर्षं गाडी उघडीनागडी पडली होती आमच्या पोर्चमध्ये,
चौसष्टची फियाट, जरीपटक्याच्या लालवानींकडची.
पत्रा ठोकून झाला, क्रोम चढलं,
रंग शोधून शोधून तोच आणला,
संत्र्याच्या सालीची आतली बाजू वाळल्यावर होते तसा.
सगळं झाल्यावर मी चाकामागे बसले
तर समोर नुसतं स्टिअरिंग,
त्याच्या कमानीतून आभाळाचा तुकडा.
बॉनेट कुठे संपतं, देव जाणे.

माझी उंची चार फूट दहा.
लग्नाच्या वेळी पाच सांगितली होती.

दिगांबर म्हणाला, उशी घे.
घेतली. काछीपुऱ्याच्या चौकात ब्रेक दाबला
आणि उशीसकट पेडलांवर उतरले.

मग हेडाऊला बोलावलं.
त्याचे वडील मागावर बसायचे,
हा गांधीबागेत लोकांना सीटवर बसवतो.
मेची दुपार, कूलरचं तोंड पोर्चकडे वळवलेलं,
तरी स्पॅनर हातात धरवत नव्हता.
त्यानं मला बसवलं, डोळ्यांच्या रेषेत तळहात आडवा धरला,
काचेवर खडूनं रेघ मारली
आणि रेघेपासून खाली बोटं मोजली.
"तीन बोटं पायजे, ताई.
चौथं घेतलं त गुडघे चाकात अडकतीन."
मग थांबला.
"पण हे बाकडं हाय. सीट एकच.
तुम्ही वर गेल्या का साहेबही वर."

साहेब सहा फूट.
खाली दोन विटा लावून बसवून पाहिलं.
छताच्या कोऱ्या कापडाला डोकं टेकलं,
केसांच्या तेलाचा डाग पडला, चार आण्याएवढा.
तो अजून आहे.

जुन्या गाड्यांचे जाणकार एक गृहस्थ आहेत सिव्हिल लाइन्सला,
त्यांना विचारलं. म्हणाले, मूळ रचनेला हात लावू नका,
प्रदर्शनात गुण जातील.
मी म्हटलं, गुण जाऊ देत, कुणी चाकाखाली जाऊ नये.

हेडाऊनं बोल्ट काढले, सीट उलटी केली,
टॉर्च दातांत धरून डाव्या रुळावर वाकला.
"इथं कायतरी होतं बाप्पा."
रुळाच्या पोटाला दोन चौकोन दबलेले,
तेवढीच जागा गंजापासून वाचलेली.

आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो.
गाडी आणली तेव्हा सीट कललेली होती, डावी बाजू वर.
हसलो होतो आम्ही.
इतकी वर्षं बसून बसून वाकली, म्हटलं होतं,
आणि मोठ्या हौसेनं सरळ केली होती.

नटबोल्टांच्या बिस्किटाच्या डब्यात,
तळाशी, सापडल्या त्या.
सागाच्या फळ्या. हातानं तासलेल्या,
कडा गोल केलेल्या, कुणाला कशाला लागणार होत्या त्या कडा.
दोन दोन एकावर एक ठेवून हेडाऊनं बोटं लावली.
तीनाला कणभर कमी.

लालवानींच्या थोरल्याला फोन लावला.
दुकानात गिऱ्हाईक होतं, घाईत होता.
"वो? मम्मी को रोड नहीं दिखता था।"
एवढंच. मग कापड फाडल्याचा आवाज आला.

त्याच फळ्या उजवीकडे लागल्या.
बाकडं आता उलट्या बाजूला कललंय,
माझ्याकडे वर, दिगांबरकडे उतार.
तो दाराची मूठ धरून बसतो
आणि तक्रार करतो की कंबर वाकडी होईन.
होऊ दे.
सेमिनरी हिल्सकडे निघालो संध्याकाळी,
ऊन उतरल्यावर, काचेवर खडूची रेघ तशीच.
बॉनेट पूर्ण दिसलं, टोकापर्यंत,
आणि टोकाच्या पुढे, फाटकाच्या सावलीत,
एक कुत्रं झोपलेलं.
रोजच झोपत असेल.
ते उठेपर्यंत थांबलो.