कर्नल घाबरला

पहाटे साडेतीनला धाकूतात्या पावशांचा फोन:
"मशीन उघडत नाय गो. काळ्या पाटीवर इंग्रजीत ओरडतंय."
शेवटची ओळ त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचली.
मी अर्धवट झोपेत म्हटलं, कर्नल घाबरलाय.
"कोण कर्नल? आपल्या सोसायटीत फौजेतला एकटा जनू चोगले,
आणि तो नुसता हवालदार."

आसूदच्या उतारावर स्कूटरचा दिवा धुक्यात बुडाला.
हर्णैला पोचले तेव्हा बंदी उठून साडेचार तास झालेले,
बोटी बाहेर नांगरून,
आणि डिझेलच्या चिठ्ठ्या त्या डब्याच्या पोटात.
कुणी म्हणे खारी हवा. कुणी म्हणे उंदीर.
कुणी नारळ ओवाळायला घेऊन उभा.

मीही आधी खाऱ्या हवेलाच धरलं.
रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या
(लेकीच्या कंपासातला, संत्र्याचा वास येणारा).
पुन्हा तेच.
ओळी वर पळतात, डोळा पोचेपर्यंत पडदा गोठतो.
मग फोनवर शूटिंग केलं,
लग्नाच्या व्हिडिओत चोरीला गेलेला आहेर शोधावा
तसं बोटाने मागेपुढे करत पाहिलं.
सापडलं:
मूळ डिस्क मिळत नाही. अनोळखी ठिकाण. शून्य, शून्य.

"म्हणजे गेलं सगळं?"
नाही तात्या. डिस्क आहे जागेवर.
तुमची बोट खोल पाण्यात असते,
तिच्यावर काय पोहत जाता?
होडकं लागतं. वर चढलात की ते सोडून देता.
यालाही जाग येताना तसलंच एक होडकं लागतं,
दोन-चार अवजारं टाकलेलं.
काल नवा कर्नल बसत होता आणि वीज गेली,
होडकं बांधायचंच राहिलं.
काठावर उभा राहून घाबरेल नाहीतर काय?
अपडेटचं बटण कुणी दाबलं?
धाकूतात्या खिडकीबाहेर बघू लागले.

शिफ्ट दाबून धरली. यादी उघडली.
सगळ्यात खाली मार्चमधला जुना कर्नल,
कुणी न विचारलेला.
त्याला हाक मारली.
काळोख.
इतका वेळ, की नारळवाल्याने शेंडी सोलायला घेतली.
मग ओळी, ओळी, ओळी,
आणि कड्यावरचा गणपती, वॉलपेपरवर, थोडा तिरका.

पहिली चिठ्ठी छापली गेली
तेव्हा जनू हवालदाराने प्रिंटरला सलाम ठोकला.
मी नव्यासाठी होडकं बांधायला घातलं.
एका ओळीची आज्ञा, दोन मिनिटं,
ती दोन्ही मिनिटं मी वरच्या बल्बकडे बघत होते.

मासळी अजून यायची होती,
म्हणून मजुरीवर गेल्या साली सुकवलेले सोडे, कागदात बांधून.
बाहेर उजाडलेलं. बोटी गेलेल्या.
रिकामी होडकी दोराला हिसके देत होती.

आसूदचा चढ चढताना आठवलं,
यूपीएसची बॅटरी पाहिलीच नाही.