सुतळीच्या गाठी

पागेत शिरताना आधी तिचे कान दिसतात.
त्या दिवशी आधी पाय दिसले.
मागचे दोन्ही, घोट्यापासून वर,
केळीच्या खुंटासारखे तटतटलेले.

किनाऱ्यावर गाड्या बंद होऊन महिना झाला होता.
आमची गाडी माडाखाली, दांड्या वर करून,
शरण आल्यासारखी.

चांगुणा कुंपणावरून म्हणाली,
"घोरीला नजर लागली गो बाय, लिंबू उतरव."
मुबारकभाई नालबंदाने चारी खूर ठोकून पाहिले,
म्हणाले, "खिळा माझा नाही."
तेवढंच सांगायला आले होते.
भावाचा पनवेलहून फोन: भरड्यात गूळ कोण घालतंय?
मीच घालत होते. बंद केला.
सूज तशीच.

डॉक्टर म्हसकर फोनवर हळू बोलतात,
शेजारी जनावर झोपलेलं असावं तसे.
एक पाय की दोन्ही?
दोन्ही.
गरम?
नाही. माठाच्या बुडासारखे गार.
बोट दाबून बघ.
दाबलं. बोट काढलं तरी खळगा राहिला,
मळलेल्या कणकेत राहतो तसा.
लंगडते?
नाही हो.
मग रोज मोज, म्हणाले, आणि लिहून ठेव.

लिहिण्याऐवजी सुतळी घेतली.
घोट्यावर वेढा, टोक जुळेल तिथे गाठ,
रोज सकाळी एक तुकडा, कॅलेंडरच्या खिळ्याला.
महिन्याने सगळे ओटीवर ओळीत मांडले.
लांब, लांब, लांब,
मग चार आखूड,
मग पुन्हा लांब, आणि पंधरवड्याने पुन्हा चार आखूड.
तारखा पाहिल्या. सप्तमी ते दशमी, दोन्ही वेळा.
चांगुणेला सांगितलं असतं तर तिने कोंबडं मागितलं असतं.

मोगरीचा खूर उचलून पाहिला.
पागेत असतं शेण आणि भाताचं तूस.
खुराच्या फटीत होती काळी वाळू,
आणि शिंपल्याची एक कपची, अजून ओली.

अष्टमीच्या आसपास ओहोटी मध्यरात्री लागते,
हे नागावात कुणाला शिकवावं लागत नाही.
अण्णांना तर नाहीच,
ज्यांनी चाळीस वर्षं पाण्याकडे बघून सवाऱ्या घेतल्या,
आणि जे वैशाखापासून म्हणतायत
काढून टाका घोडी, खाणं परवडत नाही.
तेव्हापासून पागेत पाऊल नाही त्यांचं.
जेवताना कुणी तिचं नाव काढलं तर
भातावर जास्तीचं कालवण ओततात.

दशमीला जागी राहिले.
पाऊस थांबला होता, पागोळ्या चालू होत्या.
कंदील नाही, बॅटरी नाही,
सुरुंच्या वाटेने अण्णा पुढे, एक हात गुडघ्यावर,
मागे मोगरी, त्यांच्याच चालीने.
दोर जमिनीला लागत होता, इतका सैल.
मी परत येऊन कूस बदलून पडले.

डॉक्टरांना कळवलं: कारण सापडलं.
उभं राहणं.
म्हणाले, मग चालव रोज, औषध कशाला?
कोण चालवतंय ते त्यांनी विचारलं नाही.

मग अण्णांना फोनवर बोलताना ऐकलं.
पेणच्या माणसाला त्यांनी नवमीला बोलावलंय.
पाय सगळ्यात बारीक असतात तेव्हा.

गिऱ्हाइकासाठी सूज उतरवतात,
की गिऱ्हाईक हे मध्यरात्री बाहेर पडायला निमित्त,
हे सुतळीला मोजता येत नाही,
आणि मला विचारता येत नाही.

दावं वरच्या खुंटीवरून काढून खालच्या खुंटीला टांगलं.
त्यांचा डावा खांदा वर जात नाही.
बाकीच्या तिथींना, दुपारी ते झोपले की,
मीच फिरवते तिला वाडीत, पोफळींमधून,
पाटाच्या कडेकडेने.
ती मधेच थांबून पडलेल्या झावळीचा वास घेते.
घाई नसतेच.

सुतळीचे तुकडे आता सगळे एका मापाचे.
कुठला त्यांचा, कुठला माझा, ओळखू येत नाही.

उद्या नवमी.